घासलेल्या पाठीचा वस्तरा

तो वस्तरा मी आजही हजारात ओळखेन. शिंगाची मूठ, आणि पात्याची पाठ दोन्ही बाजूंनी घासून चपटी झालेली. तेव्हा मात्र ती पाठ माझ्या लक्षातही आली नव्हती.

झाशीला कोळशाची इंजिनं धावत होती ते दिवस; मी तिथे फौजदार होतो. रेल्वेच्या पार्सल गोदामात एकाने गाठोडी फाडली आणि अडवायला आलेल्या चौकीदाराचा हात चिरला. तोंडाला गमछा बांधलेला, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पळताना वस्तरा मात्र पडला. जवळच्याच नगरा मोहल्ल्यातल्या एका सलूनवाल्याने आपण होऊन खबर दिली, की हा वस्तरा गोदामासमोर झाडाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या न्हाव्याचा. त्याच्याही वस्तऱ्यांना शिंगाच्याच मुठी होत्या. मी म्हाताऱ्याला उचलून ठाण्यात आणलं.

दिवसभर एकच जबाब, हा माझा नाही. "जौ हमाओ नइयां." शेवटी मलाच कीव आली. म्हटलं, "बाबा, इतना कह दो कि उस्तरा तुम्हारा है, चोरी हो गया था. घर भेज दूँगा."

म्हातारा ताडकन उठला. "चोर कै लो साब, जेल भेज दो. पै ऐसी घिसी पीठ को उस्तरा हम अपनो नईं कैहें!"

मग आरोपीने मलाच शिकवलं. दगडावर धार लावताना पातं आडवं ठेवतात, धारेबरोबर पाठही दगडाला घासते. म्हणून तो पाठीवर वीजवाल्यांची काळी टेप चिकटवायचा आणि झिजली की बदलायचा. त्याच्या पेटीतले तिन्ही वस्तरे मी तपासले. पाठीवरची कोरलेली वेल जशीच्या तशी होती.

वरिष्ठ भडकले. "एक पट्टी के भरोसे मुलज़िम छोड़ोगे?"

"जी. और रिमांड के काग़ज़ पर मैं दस्तख़त नहीं करूँगा."

माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तो मी दिला, आणि आजही शब्द न बदलता तोच देईन.

संध्याकाळी मी सलूनवाल्याकडे दाढीला गेलो. सहज विचारलं, टेप लावता का? गडी फुशारला. "टेप तो डरपोक लगाते हैं साहब!" आणि त्याने डबाच उघडून दाखवला. शिंगाच्या मुठींचे सहा वस्तरे, साऱ्यांच्या पाठी चपट्या. डब्यात खाचा मात्र सात.

"सातवाँ?"

त्याने ब्रश खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. सातवा त्याच्या मेहुण्याने नेला होता. मेहुण्याला वाचवायला आणि गोदामासमोरच्या झाडाखालचं गिऱ्हाईक ओढायला, सलूनवाला एका दगडात दोन पक्षी मारायला निघाला होता. मेहुणा झाशीजवळच्या बबीन्यात मालासकट सापडला.

म्हातारा सुटला, पण उठेना. पंचनाम्यात लिहा म्हणाला. मी लिहिलं, 'सदर वस्तरा यांचा नाही,' आणि मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हा कुठे तो हलला.

सुटकेसाठी वाटेल ते कबूल करणारे मी पुष्कळ पाहिले होते. दया म्हणून मी त्याला खोटं बोलायला सांगत होतो, याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर मी कुणालाही तशी सवलत देऊ केली नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत, वर्दीतच मी त्याच्या झाडाखाली दाढीला बसलो. वरिष्ठांची जीप समोरून गेली. मी मान वर केली आणि म्हटलं, "चलाओ बाबा."