कुंदाचा जादूगार आणि सासरचा बुवा

कुंदा गेल्याचं शेजारच्यांच्या फोनवर कळलं. तिचा भाऊ अविनाश एवढंच म्हणाला, "काविळीनं गेली." महिना होऊन गेला, माझा संताप उतरत नाही... काविळीनं नव्हे. तिला मारलं.

कॉलेजात कुंदा आणि मी एका बाकावर. अविनाशच्या परदेशातल्या मित्रानं एका खेळाचं पुस्तक पाठवलं होतं. राक्षस, भालाईत, जादूगार, आणि फाशांवर ठरणारी लढाई. रविवारी नागपुरात धंतोलीतल्या त्यांच्या घरी फरशीवर खडूनं डोंगर आखायचे, चिंचोक्यांचं पायदळ, बटणांचे घोडेस्वार. अविनाश पहिल्याच डावात जादूगार पुढे काढून आगीचे गोळे फेकायचा. दोन बाणांत जादूगार आडवा! कुंदा हसत सुटायची. "त्याले पुढं काहून धाडलं गा? अंगावर चिलखत तरी आहे का त्याच्या?" तिचा जादूगार भालाइतांच्या मागे, टेकडीआड. शत्रूच्या तिरंदाजांनी नेम धरला की ती धुकं सोडायची, आणि धुक्यातून तिचे घोडेस्वार बगलेवर तुटून पडायचे. "मंत्रानं लढाई जिंकता येत नाही वं," मला सांगायची, "लढतात ते भालेवालेच. मंत्रानं त्याइले फक्त वेळ भेटते."

लग्न होऊन ती उमरेडला गेली. दिवस गेले, सातव्या महिन्यात डोळे पिवळे पडले, तर सासरच्यांनी बुवा आणला. तो मंत्र पुटपुटत तिच्या हातांना चुना चोळायचा, ते धुतलेलं पाणी पिवळं झालेलं दाखवायचा आणि म्हणायचा, "कावीळ उतरून राहिली." मी भेटायला गेले तेव्हा कुंदा उशीवरून मानही उचलू शकत नव्हती. "त्याच्या स्वतःच्या हातावर चोळून पाहा म्हणा, तरी पाणी पिवळंच होईन," ती म्हणाली. "मले नागपूरले ने." मी सासऱ्यांपुढे उभी राहिले. ते शांतपणे म्हणाले, "काविळीवर डॉक्टरपाशी औषध नसते, पोरी." मी मिळेल त्या बसनं नागपूरला परतले, अविनाशला सांगितलं, तो टॅक्सी घेऊन धावला. तो पोचला तेव्हा ती शुद्धीत नव्हती. दवाखान्यात ती गेली, आणि पोटातलं बाळही.

तेरवीला तो बुवा पंगतीत बसला होता. पहिल्या पानावर! सासरे स्वतः वाढत होते, "महाराज, अजून एक लाडू." मी त्याच्यापुढचं ताट उचललं. सासूबाई ओरडल्या, "अवं, पाप लागते!" मी म्हटलं, "लागू द्या." अविनाशनं बुवाच्या दंडाला धरून त्याला रस्त्यावर काढलं. ताट मी अंगणात नेऊन कुत्र्यापुढे ठेवलं.

आत पंगत थांबली नव्हती. "वरण आणा, वरण," कोणीतरी ओरडत होतं.