"लाईट सोडा, ताई"

आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून मी एका ठेकेदारामार्फत धारूरकडच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून लागले. माझं प्रशिक्षण एका दुपारीच उरकलं. बदली झालेले जुने ऑपरेटर सामान बांधून तयारच होते. त्यांनी पॅनेलवरून बोट फिरवलं. "हा गावाला वीज नेणारा फीडर, हा शेतीचा. दर तासाला आकडे वहीत लिहायचे. वायरमननं लाईनवर काम करायला परमिट मागितलं की ब्रेकर पाडून ती लाईन बंद करायची, काम झाल्याचा फोन आला की चालू करायची. बाकी येतंय आपोआप." चहा पिऊन ते गेले.

दुसऱ्याच दिवशी पॅनेलची घंटा वाजली. ती थांबवायची कशी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. उपकेंद्र ज्यांच्याकडे होतं त्या इंजिनिअर साहेबांना फोन केला तर म्हणाले, "एवढंही येत नाही?" त्यानंतर त्यांना काही विचारायचं मी टाळू लागले.

विचारावं असा एकच माणूस होता, शेती फीडरचे वायरमन. पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. कोणतं बटण कशाचं, हे त्यांना विचारून विचारून मी एका वहीत उतरवून घेतलं.

महिनाभरानं एका सकाळी चाचांनी शेती फीडरचं परमिट घेतलं. तुटलेली तार जोडायची होती. मी ब्रेकर पाडला, वहीत वेळ लिहिली. दुपारी एकच्या सुमारास फोन आला.

"ताई, काम झालं. सोडा लाईट."

मी उठले. हात स्विचवर गेला आणि तिथंच थांबला. आवाज चाचांचा नव्हता. पलीकडच्या गावातला दुसरा वायरमन होता. लाईन बंद आहे म्हटल्यावर त्यानं परमिट न घेताच आपलंही एक काम उरकून घेतलं होतं.

"चाचा कुठंयत?" मी विचारलं.

"असतील खाली. झालं असंल त्यांचंबी."

मी चाचांना फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. चार वेळा, पाच वेळा. तोवर फाटकाशी शेतकरी जमले होते. "ताई, कावून बंद ठेवलीय? उसाला पाणी चालू हाय आमचं!" मग साहेबांचा फोन आला. "पुढाऱ्यांचे फोन येतायत मला. काम झालंय ना? चालू कर."

"साहेब, ज्यांनी परमिट घेतलंय त्यांचा फोन आल्याशिवाय मी चालू नाही करणार."

 साहेब वैतागले. "बघ मग. जबाबदारी तुझी."

पुढची वीस मिनिटं मी खुर्चीवर बसूच शकले नाही. नोकरी गेली, असंच वाटत होतं. मग फोन वाजला.

"बेटी, एवढे फोन केलेस?" चाचा धापा टाकत होते. "फोन गाडीच्या डिक्कीत ऱ्हायला. आत्ता उतरलो खांबावरून. झालं काम, सोड आता लाईट."

 मी वहीत वेळ लिहिली आणि मगच ब्रेकर चालू केला. संध्याकाळी चाचा उपकेंद्रात आले, दोन ग्लास पाणी प्यायले आणि परमिटच्या वहीत सही करून गेले.

त्या दिवसानंतर मी प्रशिक्षणासाठी लेखी अर्ज दिला. पुढं मला दोन दिवसांसाठी मोठ्या उपकेंद्रात पाठवलं. तिथं शिकवणाऱ्यांनी सहज म्हणावं तसं सांगितलं, "नुसता ब्रेकर पाडून परमिट द्यायचं नसतं. बाहेर यार्डात जाऊन आयसोलेटर उघडायचा, म्हणजे लाईन तुटलेली डोळ्यांना दिसते; मग ती अर्थ करायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जाते. मगच माणूस खांबावर."

 इतके दिवस मी नुसता ब्रेकर पाडून माणसं वर पाठवत होते. बाहेर येऊन चाचांना फोन केला, सगळं सांगितलं.

"असं असतं व्हय?" ते म्हणाले. "आमाला तरी कुणी शिकवलं, बेटी? बघून बघूनच चढलो."

परतल्यावर पहिल्याच परमिटला मी यार्डात गेले, आयसोलेटर उघडला, लाईन अर्थ केली, कुणी मधेच जोडू नये म्हणून कुलूप लावलं. दहा मिनिटं जास्त गेली. फाटकावर ओरड झाली, साहेबही कुरकुरले. किल्ली मी मुठीत घट्ट धरून ठेवली होती. आणखी काय काय आपल्याला ठाऊकच नाही, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नव्हता.