समुद्राच्या तळाशी शेवंताकाकी

आमच्या घरात भूत आहे, हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. यात माझी हुशारी काही नाही. दुपारी स्वयंपाकघरात जागी असते ती मी एकटीच. नवरा, म्हणजे सुनील, अंबडच्या कंपनीत रात्रपाळी करून येतो आणि दिवसा झोपतो. झोप इतकी हलकी, की मी जोरात कांदा चिरला तरी आतून हाक येते. दोघी मुली, दहा वर्षांची सई आणि सात वर्षांची रेवा, गच्चीवरच्या खोलीत शिकत असतात. त्या शाळेत जात नाहीत, मी त्यांना घरीच शिकवते. (हे ऐकल्यावर लोक मुलींकडे दयेने बघतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात.)

माझ्या शिकवण्याचा सगळा भार ऑडिओबुकवर. पुस्तक ऐकायचं आणि मग त्यावर गप्पा मारायच्या. सुरुवातीला मी स्वतःच धडे वाचून फोनवर रेकॉर्ड केले होते. ते इतके भिकार झाले, की मी सरळ एका ॲपची वर्गणी भरून टाकली. त्यातल्या बाईंचा आवाज साजूक तुपातला. मुली कानात इअरफोन घालून बसायच्या, खाली मला टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

खूश नव्हत्या त्या सासूबाई. मार्चमध्ये नांदगावहून आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आधीच निकाल दिला.

"वैशाली, जूनपासून पोरी माझ्याकडं राहतील. तिथं शाळा हाय, मास्तर हाय, घंटा हाय. इथं काय हाय?"

"आई, तुम्ही थोडे दिवस राहून बघा तरी."

"बघते की. त्यासाठीच आले."

सुनीलने पांघरूण डोक्यावरून घेतलं. म्हणजे मुली माझ्याजवळ राहणार की नांदगावला जाणार, हे आता माझ्या एकटीच्या शिकवण्यावर होतं. आणि नेमका तोच मुहूर्त भुताने धरला!

पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली. चांगली लांब, दमदार शिट्टी. मी सवयीने गॅस बारीक करायला गेले, तर गॅस बंद. कुकर मोरीत, घासायचा पडलेला, झाकण वेगळं, शिट्टी वेगळी. मी त्या शिट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. तिने काही कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली. दार उघडलं तर कुणी नाही. फाटक बंद, रस्ता रिकामा, उन्हात एक कुत्रं झोपलेलं. मी दारातच उभी, आणि पुन्हा बेल. (आमच्या बेलचा खटका माझ्या डोळ्यांसमोर होता. तो कुणी दाबला नव्हता.)

"कोण हाय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुरिअरवाला," मी म्हणाले. भुताच्या घरात नाती कोण ठेवेल?

मग कुजबुज सुरू झाली. स्वयंपाकघरात वर एक जाळी आहे, डक्टकडे उघडणारी. त्या जाळीतून एक बाई बोलत होती. हलक्या, घोगऱ्या आवाजात, जणू कुणाच्या तरी उशाशी बसून. मी ओट्यावर चढून कान लावला.

"अजून खाली गेलं," ती बाई म्हणाली, "की उजेड संपतो."

मी कान जाळीला आणखी चिकटवला.

"तिथे राहणाऱ्यांना डोळे नसतात. ते वाट बघतात. वरून काय मरून पडतंय, त्याची."

मी ओट्यावरून उतरले कशी ते मला आजही आठवत नाही. पण संध्याकाळी बाजारातून लिंबू-मिरची आणली आणि हॉलमध्ये सूर्यमालेचा तक्ता आहे, त्याच्या मागे टांगली, हे पक्कं आठवतं. मुलींना मी वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवते. म्हणूनच तक्त्याच्या मागे.

सुनीलला सांगितलं तर म्हणाला, "तुझी झोप होत नाही." मुलींना सांगायचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंना कळलं असतं, तर मुली जूनपर्यंतही थांबल्या नसत्या, त्याच संध्याकाळी एसटीत बसल्या असत्या.

आणि मग ती दुपार आली. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतो. आधी बेल वाजली. मी उठलेच नाही. (आताशा मी बेलवर विश्वास ठेवणं सोडलं होतं.) त्यामागून लख्ख, मोकळा, रानात हाका मारून तयार झालेला आवाज आला.

"ओ मास्तरीणबाई, दार उघडा वो. मेथी आणली हाय."

माझ्या हातातली शेंग पडली. मला मास्तरीणबाई म्हणणारी जगात एकच बाई. आमच्या मागच्या मळ्यातल्या शेवंताकाकी. पहाटे गंगेवर, म्हणजे नदीकाठच्या बाजारात, भाजी विकून परतताना उरलेली जुडी आमच्या दारात द्यायच्या, मुलींना मटारच्या शेंगा द्यायच्या, सासूबाई आल्या की कुंपणाशी दोघींच्या तासन्‌तास गप्पा. शेवंताकाकी दिवाळीनंतर वारल्या. मी स्वतः त्यांना शेवटचा नमस्कार करून आले होते.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी शांतपणे पदर सारखा केला, फळीवरचं स्टीलचं पातेलं घेतलं आणि दाराकडे निघाल्या.

"आई, कुठे निघालात?"

"मेथी घ्यायला."

"आई, त्या गेल्यात ना."

"गेली म्हणून काय झालं? दारात आली हाय ना," त्या म्हणाल्या आणि कडी काढली. "ये शेवंता. लय दिवसांनी आलीस."

दारात कुणीच नव्हतं. सासूबाई रिकामं पातेलं पुढे धरून उभ्या होत्या, आणि माझ्या पाठीमागून, जाळीतून, शेवंताकाकी म्हणाल्या, "कवळी हाय, देठं टाकू नका."

मी किंचाळले. सुनील आतून लाटणं घेऊन धावत आला. (लाटणं बेडरूममध्ये का होतं, हा वेगळा विषय आहे.) तो माझ्यासमोर उभा राहिला, केस पिंजारलेले, तोंड घट्ट मिटलेलं. आणि तेवढ्यात जाळीतून त्याचाच आवाज आला.

"वैशाली, झोपू दे गं जरा."

आम्ही तिघांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानेही हाताने चाचपून पाहिलं.

"तू बोललास?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही बुवा," सुनील म्हणाला, पण त्याची खात्री दिसत नव्हती.

आवाज वरून येतो आहे, हे तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. आम्ही जिना चढलो. पुढे पातेलं, मधे लाटणं, मागे मी. गच्चीवरच्या खोलीचं दार ढकललं. डक्टकडची खिडकी उघडी. सई आणि रेवा मांडी घालून, डोळे मिटून बसलेल्या. मधे गणपतीत आणलेला स्पीकर, आवाज शेवटपर्यंत चढवलेला.

"श्श," रेवा डोळे न उघडता म्हणाली, "आता काकी हसणार आहे."

आणि शेवंताकाकी हसल्या.

ते माझेच धडे होते. भिकार म्हणून टाकून दिलेले. सुनील उठू नये म्हणून मी ते स्वयंपाकघरात बसून कुजबुजत वाचले होते, त्यामुळे माझा आवाज पाताळात आणि कुकर, बेल, काकी, सुनील सगळे ठणठणीत. समुद्राच्या तळावरच्या धड्याला मी तीन दिवस घाबरत होते. स्वतःच्याच आवाजाला!

"अगं, एवढं चांगलं ॲप आहे ना?" मी विचारलं. "आणि स्पीकर कशाला?"

"इअरफोन वाटून घेतला की काकी अर्धीच ऐकू येते," रेवा म्हणाली.

"आणि ॲपवरच्या बाईंच्या घरी कुणी येतच नाही," सई म्हणाली.

मला रडू फुटलं. काकी गेल्याचं मुलींना कसं समजवावं हे मला सुचलं नव्हतं, म्हणून मी तो विषयच टाळत आले होते. त्यांनी त्यांचं त्यांचं बघून घेतलं होतं.

सासूबाई सतरंजीवर बसल्या. पातेलं मांडीत.

"समुद्राखाली काय असतं गं?" त्यांनी दोघींना विचारलं. ही परीक्षा होती.

मुलींनी सगळं सांगितलं. उजेड कुठे संपतो, कुठल्या माशाच्या कपाळावर दिवा असतो, पाण्याचा दाब किती भयंकर. दुसऱ्या शिट्टीनंतर देवमासा येतो आणि बाबा ओरडल्यावर ज्वालामुखी, हेही सांगितलं. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पोरी राहू देत इथंच," त्या शेवटी म्हणाल्या.

मी त्यांच्या पाया पडले. आता त्याही रोज दुपारी वर जाऊन ऐकत बसतात. नांदगावला परत जायचं नाव काढत नाहीत. परवा मी भीत भीत विचारलं, "आई, कसे वाटतात माझे धडे?"

"लय झ्याक," त्या म्हणाल्या. "फक्त तू मधे मधे फार बोलतेस."