वाघीण चाटणारे मामा

अकोल्याच्या मालधक्क्यावरची माझी हंगामी नोकरी वाचवली ती माझ्या घरमालकिणीच्या थोरल्या भावाच्या जिभेने. लोखंडाची चव घेण्यात अख्ख्या वऱ्हाडात त्यांचा हात, म्हणजे जीभ, धरणारा कोणी नव्हता. ते वाघिणींचे, म्हणजे मालगाडीच्या डब्यांचे, तपासनीस. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. हातोडी जवळ असायची, पण तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. गंजाला बोट लावायचे, बोट जिभेला, आणि म्हणायचे, “हिच्यात मीठ भरलं होतं.” भाचीला पाहायला आलेल्या मुलाच्या सायकलचं हँडलही त्यांनी असंच चाखलं आणि “पोरगं टिकाऊ हाय” म्हणून लग्न ठरवून टाकलं.

मी शाळा अर्धवट सोडून कोकणातून आलेला, काम वाघिणींचा गंज घासायचं. ‘वाघिणी घासतो’ असं पत्रात लिहिलं, तर आईने देवापुढे नारळ ठेवला. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने दाराची कडीसुद्धा झडते. त्यामुळे लाल डाग दिसला की मी तो घासून काढायला धावायचो. घर आठवून बसलो की मामा म्हणायचे, “काहून रडून राहिला बे? जरासा मुर ना इथं, गंज धर!”

तेव्हा तांबं मिसळलेल्या पोलादाच्या नव्या वाघिणी येऊ लागल्या होत्या. त्यांचा गंज वरच्या थरातच थांबतो आणि आतलं पोलाद राखतो. मामांच्या सांगण्यावरून तसली एक मी न घासता सोडली. फोरमनसाहेबांनी तिचं तांबूस अंग पाहिलं आणि भडकले, “उद्यापासून येऊ नकोस!”

मामा पुढे झाले आणि वाघिणीला सरळ जीभच लावली.

“तांब्याची हाय साहेब. भरवसा नसंल तर तुमीबी चाखा.”

हमाल गोळा झाले. साहेबांनी वाघिणीकडे पाहिलं, हमालांकडे पाहिलं, आणि “राहू दे त्याला” म्हणत चालू लागले.

संध्याकाळी मी विचारलं, “मामा, तांबं खरंच जिभेला कळतं?”

“कायचं कळते! मले गार्डानं सांगतलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर साहेब कागद मागत बसला असता. जीभ कोणी मागत नाही.”

ती वाघीण पुढे कितीदा तरी येऊन गेली. तशीच लाल, तशीच धड. मी कायम झालो, बडनेऱ्याला बदली झाली. मामा आता घरीच असतात. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. भेटलो की विचारतात, “तुमच्याकडला गंज कसा लागत असंल रे?”

रजा आणि पास जुळला की त्यांना एकदा घरी नेणार आहे. आईला कळवून ठेवलंय, दाराची कडी तेवढी बदलू नकोस.