धुण्याची खोली

मी सून म्हणून नळदुर्गला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि माझे मालक करोडगिरी नाक्यावर कारकून होते. सोलापूर इंग्रजांच्या हद्दीत, नळदुर्ग निजामाच्या. सोलापूरकडून येणारा माल नाक्यावर उतरवून बघायचा, जकात घ्यायची, मग पुढं सोडायचा, असं त्यांचं काम. ज्यांना जकात भरणं जड जायचं ते सामान तिथंच टाकून निघून जात. साचलेल्या सामानाचा अधूनमधून लिलाव व्हायचा.

घरात दहा माणसं. सासू, सासरे, दीर, आमची चार पोरं, आम्ही दोघं, आणि मालकांची थोरली बहीण. ती विधवा होऊन माहेरी आली होती. तिला सगळे आपा म्हणत, मीही आपाच म्हणायची. पुरुषांचे वरचे कपडे परीट न्यायचा. बायकांचे कपडे परक्याच्या हाती द्यायचे नाहीत, असा सासऱ्यांचा दंडक होता, आणि पडद्यामुळं आम्हाला नदीवर जाता येत नव्हतं. म्हणून बाकी सगळं धुणं, लंगोटांपासून गोधड्यांपर्यंत, आपा आणि मी अंगणातल्या आडावर धुवायचो. आडाचं पाणी मचूळ. साबणाला फेस यायचा नाही. पुढं जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत साबणच मिळेना झाला, तेव्हा सोडा आणि रिठ्यावर आलो. सोड्यानं माझ्या बोटांची कातडी सोलपटून निघायची. भाकरी थापताना पिठाला रक्ताचा डाग लागला तर मी तेवढं पीठ गपचूप काढून टाकायची.

एकदा वाढताना मालकांनी माझा हात धरला, उलटासुलटा करून बघितला आणि सोडला. पुढच्या लिलावात ते मशीन घेऊन आले.

बैलगाडीतून उतरवलं तेव्हा आम्हाला वाटलं लोणी काढायचं काहीतरी असेल. चार पायांवर उभं लाकडी पिंप, वर झाकण, बाजूला चाक आणि चाकाला दांडा. झाकणाच्या आतल्या अंगाला स्टुलासारखे चार लाकडी खुंट. दांडा फिरवला की ते खुंट पिंपात अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं घेत. कुणी गोरा साहेब हैदराबादला बदलून जाताना टाकून गेला होता म्हणे.

"हे कपडे धुतंय," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "आता हात बुडवायचं काम न्हाय."

सासूबाई म्हणाल्या, "आन् पाणी?"

त्यांनी ते ऐकलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्यांना नादच लागला. पुढच्या लिलावात पाळण्यासारखं झुलवायचं पत्र्याचं मशीन आलं. मग सोलापूरच्या जुन्या बाजारातून दोन रुळांचं पिळायचं यंत्र आलं. त्यात कपडा घातला की पलीकडून चपटा होऊन निघायचा, आणि बटणं तुटून पडायची. चौथं आलं त्याला तर दांडाच नव्हता. तो त्यांनी लोहाराकडून करवून घेतला. ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा सासरे म्हणाले, "तुझ्या ह्या पिंपांना आता घर बांध."

त्यांनी ते मनावर घेतलं. आडाच्या पलीकडं कडबा ठेवायची खोली होती, ती रिकामी केली. कडबा अंगणात आला आणि आठवडाभर आम्ही सगळे शिंकत होतो. गवंड्यानं खाली शहाबादी फरशी घातली. भिंतीत उंचावर एक झरोका, कोपऱ्यात पाणी तापवायला चूल, आणि वापरलेलं पाणी मागच्या परसात जायला मोरी. पहिल्यांदा उतार उलटा झाला, पाणी मोरीकडं जायचं सोडून दारात साचायचं. सगळी फरशी उचकटून पुन्हा घातली. त्या दोन महिन्यांत गवंड्याचा चहा, गवंड्याची भाकर, मातीनं भरलेले पोरांचे कपडे, ही सगळी कामं आमच्यावरच. धुणं आडावर होतंच.

शेवटी चारी मशिनं भिंतीला लावून मांडली. मालकांनी दाराला आतून कडी बसवली. "ओल्या कपड्यांनी काम करताय, कुणी आत येऊ नये," म्हणाले. ही गोष्ट मात्र त्यांनी नीट विचार करून केली होती.

मशीन कपडे धुवायचं, यात खोटं नाही. पण लाकडी पिंप एकदा भरायला सात बादल्या लागायच्या. साबणाचं एक पाणी, खळबळायची दोन. म्हणजे एका घाण्याला एकवीस बादल्या. आडावर आम्ही चार-पाच बादल्यांत तेवढंच धुणं उरकायचो. आड खोल. आपा शेंदायची, मी वाहायची, मग मी शेंदायची, आपा वाहायची. त्यावर दांडा फिरवायचा तो वेगळाच. हात वाचले, पण खांदे आणि कंबर गेली.

रोज संध्याकाळी नाक्यावरून आले की त्यांचा पहिला प्रश्न, "कसं चाललंय मशीन?"

"लई चांगलं," आम्ही म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? दर शुक्रवारी नमाजाहून आले की ते स्वतः चाकाला तेल घालायचे. तेव्हा त्यांच्याकडं बघितलं की तोंड उघडत नसे.

उन्हाळा लागला तसं आड खाली गेला. एका दुपारी मशीन भरण्याइतकं पाणीच निघालं नाही. आपा दांड्याला टेकून उभी होती. मी फरशीवर बसले, मग आडवी झाले. फरशी गार होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि दिवसाउजेडी मी त्या घरात कधी पाठ टेकली नव्हती. बाहेरून सासूबाईंची हाक आली, "झालं का गं?"

आपानं माझ्याकडं बघितलं आणि रिकामं मशीन फिरवायला सुरुवात केली. घरर खट, घरर खट. बाहेरची हाक थांबली.

"निज," आपा म्हणाली. "मी हाय."

त्या दिवसापासून तो आमचा नेमच झाला. घर उठायच्या आत कपडे भल्या पहाटे आडावर पूर्वीसारखे हातानं धुवायचे, पिळून बादलीत ठेवायचे. दुपारी कडी लावून एकीनं दांडा हळूहळू फिरवायचा, दुसरीनं निजायचं. मग पाळी बदलायची. त्या घरात मी इतकी गाढ झोप पुन्हा कधी घेतली नाही. निजण्याआधी आपा कधी तिच्या मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलायची, कधी नुसतीच छताकडं बघत राहायची. आमच्यात तोवर नणंद-भावजयीचं जेवढ्यास तेवढं होतं. त्या खोलीत ते गेलं.

मालक एकदा दुपारीच घरी आले. मागच्या परसात त्यांनी मोरीच्या पाण्यावर दुधी भोपळ्याचा वेल लावला होता, तो वाळला म्हणून बघायला गेले. आत मशीन चाललेलं ऐकू येत होतं आणि मोरी कोरडी ठणठणीत. त्यांना वाटलं तुंबली. त्यांनी दार वाजवलं.

"आपा, मोरीतनं पाणी येत न्हाय. काय अडकलंय का?"

मी निजलेली होते, मला हे काहीच कळलं नाही. आपानं पुढं सांगितलं. तिनं घाबरून एका हातानं कडी काढली. त्यांनी आत डोकावलं. कोरडी फरशी, कोरडं पिंप, आणि डोक्याखाली हात घेऊन पडलेली मी. दांड्यावरचा आपाचा हात थांबला होता. ते हळूच म्हणाले, "फिरवत ऱ्हा. न्हायतर उठंल ती." आणि दार ओढून निघून गेले.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "कधीपासनं?"

"आडाचं पाणी खाली गेलं तवापासनं."

"मशीन बिघडलंय का?"

"मशीन चांगलं हाय. पण त्याला पाणी लागतंय, आन् पाणी आमी वाहतो."

"मग मला बोलला का न्हाईत?"

"तुम्ही खूश होता," मी म्हणाले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. "आमच्या हाताकडं बघितलंत ते लई झालं. खांद्याकडं कुणी बघायचं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतः आडावर उभे राहिले. सासरे ओसरीवरून बघत होते. तीन दिवस त्यांनी पाणी शेंदलं. चौथ्या दिवशी त्यांच्याच्यानं उठवेना. तळहातांना फोड आले होते. मी हळद-तेल लावत होते तेव्हा ते म्हणाले, "एवढं रोज?" मी म्हणाले, "व्हय, रोज."

मग त्यांनी सासऱ्यांशी बोलणं केलं. काय बोलले ते मला माहीत नाही, आवाज चढले होते एवढं ऐकू आलं. पुढच्या आठवड्यापासून परीटवाड्यातली एक म्हातारी परटीण घरी येऊन आमचे कपडे धुवायला लागली. तिनं मशिनांकडं बघितलंसुद्धा नाही. एक दगड मागून घेतला, आणि पिळायच्या यंत्राच्या रुळांवर आपलं लुगडं वाळत घालायची.

दुपारी आपा आणि मी त्या खोलीत जातच राहिलो. आता कुणी हाक मारायचं नाही. मालक घरी असले तर पोरांना परसातून हुसकून लावायचे. माझ्यावर ते रागावले नव्हते, पण तेव्हापासून ते मला काही आणताना आधी विचारायचे, आणि विचारताना त्यांचा आवाज थोडा उतरलेला असायचा. ते मला आवडलं नाही, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

दोन वर्षांनी त्यांची येरमाळ्याकडं बदली झाली. आपा सासू-सासऱ्यांजवळ नळदुर्गलाच राहिली. निघायच्या दिवशी ती मला दारापर्यंत सोडायला आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तिथं दुपारी पडत जा जरा." मी हो म्हणाले. येरमाळ्याला घर दोन खोल्यांचं होतं आणि पाचवं पोर पोटात होतं. मला जमलं नाही.