अन्वरी मणेरणीच्या हातात हात

भोरची अन्वरी मणेरीण मार्गासनी गावात आली की आधी तिची हाळी यायची, मग ती. "चला गं बायांनो, बांगड्या भरायच्या का बांगड्या!" हातातली भांडी टाकून बायका धावायच्या. अन्वरी हात मुठीत घ्यायची, बोटं चेपून बांगडी अशी सरकवायची की बाईला कळायचंसुद्धा नाही. आणि हात तिच्या मुठीत असेपर्यंत बाई बोलत राहायची. सासूचं, नवऱ्याचं, पाळी चुकल्याचं. तिथलं बोलणं तिथंच राहायचं.

अन्वरीचं स्वतःचं मात्र गावभर झालं. तिचा नवरा इस्माईल हायवेला ट्रकवर होता. तो झिजून झिजून गेला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तिचंही रक्त तपासलं, आणि एड्स हा शब्द तिच्या आधी गावोगाव पोहोचला. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला नीट समजावलं होतं, शिवण्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, रक्ताचं तेवढं जपा. तेव्हापासून बोटाला काच लागलेली असली की अन्वरी बांगड्यांची पेटी उचलतच नसे. पण हे ऐकायला कुणी जवळ तर यायला हवं! बायका लांबूनच म्हणायच्या, "ठेवा तितं. आमच्या आमी भरू."

दोन हजार दोनच्या वैशाखात गावातल्या बाळाबाईच्या लेकीचं, प्रेरणाचं लग्न निघालं. या घरातला लग्नाचा हिरवा चुडा आधी अन्वरीची सासू भरायची, मग अन्वरी. बोलावणं नसताना ती गेली, ओसरीच्या कडेला टेकली.

"भाभी, चुडा तेवढा द्या," बाळाबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. "तिची मामी भरंल."

"मामीला येतंय का?"

"न यायला काय झालं?" मामी म्हणाली. "बांगडीच हाय, तोफ न्हाई!" बायका हसल्या.

मामीनं प्रेरणाचा उजवा हात धरला आणि दिली ढकलून. कट्! मनगटावर रक्ताची रेघ उमटली. लग्नघरात चुडा फुटला, असं म्हणायलाही कुणाची जीभ रेटेना. "वाढवली," कुणीतरी पुटपुटलं.

सवयीनं अन्वरी उठली, आणि तशीच खाली बसली. "फडकं बांधा आधी. त्या हाताला मी शिवणार न्हाई."

"आता बरं सुचतंय!" मामी फणकारली.

बाळाबाईचा चेहरा उतरला होता. एकीकडं आजाराची भीती, दुसरीकडं अपशकुनाची. दुसरी जड झाली. "भाभी, डावा तुमीच भरा, उजव्याचं मागनं बघू. पर एकबी वाढता कामा न्हाई."

अन्वरीनं उन्हात धरून आपलं एकेक बोट तपासलं. मग प्रेरणाचा हात घेतला. बाकीच्या मागं सरकल्या.

"मावशी," प्रेरणा हळूच म्हणाली, "तुमाला कशानं झालं? हात धरून?"

"हात कुठं धरायचा गं तो माझा!" अन्वरी हसली. "नवरा-बायकोच्या संबंधातनं आलं. तसंच ते वापरलेल्या सुईनं व्हतं, न तपासता चढवलेल्या रक्तानं व्हतं, आईकडनं बाळाला व्हतं. हातानं न्हाई."

"आमचं हे बी गाडीवरच हायेत."

अन्वरीची बोटं थांबली. "गाडीवाला म्हंजी वाईट, असं न्हाई. पर तोंडाकडं बघून कळत न्हाई पोरी. माझा इस्माईल पैलवान दिसायचा. दोघं रक्त तपासून घ्या. तवर निरोध वापरा म्हणावं."

"अगं बया! असं कसं म्हणू?"

"म्याबी म्हटलं न्हाई."

शेवटची बांगडी बसली. एकही वाढली नाही. रिवाजाप्रमाणं बाळाबाईनं सुपातून तांदूळ-नारळ आणला, पण ओटीत न घालता सूप जमिनीवर ठेवलं आणि लेकीला न्हाणीकडं नेलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. "रगड. कोपरापातूर रगड." बांगड्या किणकिणत होत्या. मग प्रेरणा दबक्या आवाजात काहीतरी बोलली, आणि बाळाबाई कडाडली, "गप बस! हे कुणी शिकवलं तुला?"

पुढचं अन्वरीला ऐकू आलं नाही. बाहेर कुणी आलं नाही. पोरगी रक्त तपासायचं पुन्हा काढेल का, हेही तिला कधी कळणार नव्हतं. तिनं तांदूळ-नारळ पदरात बांधला आणि पेटी उचलून एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.