उरलेल्या हाताचा फौजी

लढाईत गोळी लागून बाबांचे पाय कायमचे गेले होते. आई त्यांना उचलून न्हाऊ घालायची, मगच भातलावणीला जायची. तिची पाठ धरली, तेव्हा बाबांचं करायला मला कॉलेज सोडायची वेळ आली. सेवेला माणूस ठेवण्यासाठी पेन्शनीत वेगळा भत्ता मिळतो; पण तपासणीत बाबा डॉक्टरांना "एकदम ठीक, साहेब!" म्हणाले आणि तो हुकला.

दुसऱ्या तपासणीला मुरबाडहून जीप करून लष्करी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर शहापूरकडचा एक म्हातारा फौजी होता, एका बाहीला गाठ मारलेला. बोलताना तो उरलेल्या हाताने समोरच्याची मांडी थापटायचा. आमची हकिगत ऐकून तो खो खो हसला.

"काय रे, घरी बायको उचलते नि इथं ठीक? सलाम ठोक, पण साहेबाशी खोटं बोलू नको."

बाबा तडकले, "मी फौजी हाय!"

"मग मी काय भाजीवाला? माझ्या शर्टाची बटणं सून लावते. सांगितलं मी आत!"

आत बाबांनी कडक सलाम ठोकला. "साहेब, मला उठता येत नाय."

मी नाचायचाच बाकी होतो! धावत बाहेर आलो, तर बाक रिकामा. त्याचं नावही विचारलं नव्हतं.

भत्ता मंजूर झाला. बाबांच्या सेवेला माणूस आला आणि आमच्या घरातला पहिला बी.ए. मी झालो.